बाहेरचा भाऊ

३ मार्च

टिल्ल्या,

आशीर्वाद. आधी खुर्चीवर बस, मग वाच. मी निवडणुकीला उभी राहते आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. आपल्या वॉर्डातून, नगरपालिकेसाठी, अपक्ष. शिवणयंत्रं दुरुस्त करणारी बाई तिथे जाऊन काय दिवे लावणार, असं तू म्हणशीलच. तेवीस वर्षं माझ्या दुकानात लोक बंद पडलेली यंत्रं घेऊन येतात आणि दहातल्या नऊ यंत्रांना काही झालेलं नसतं, कुणी वेळेवर तेल घातलेलं नसतं, एवढंच. नगरपालिकेचंही तेच दुखणं असावं असा मला संशय आहे.

खरं कारण बसचा थांबा. तू गेलास तेव्हा तो आपल्या दारात होता, दुकान आणि दवाखाना यांच्या मधोमध. गेल्या निवडणुकीत दंतवैद्य निवडून आले आणि सहा महिन्यांत थांबा चढाच्या पार पायथ्याला गेला, नव्या इमारतींसमोर. का, तर त्यांच्या प्रचाराचा सगळा खर्च त्या इमारतींत फ्लॅट घेऊन ठेवलेल्यांनी केला होता. आणि ते राहतात कुठे? कुणी दुसऱ्या शहरात, कुणी परदेशात. फ्लॅटला कुलूप, पण थांबा दारात, म्हणजे भाव चढता. इकडे गुडघे दाखवायला येणारी माणसं तो चढ चढून येतात, आणि पोचेपर्यंत दाखवायला कंबरही तयार झालेली असते.

म्हणून मी दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या आणि यंदापासून नियम करून घेतला: जो या शहरात राहत नाही, त्यानं इथल्या निवडणुकीत पैसे घालायचे नाहीत. दंतवैद्य म्हणतात, निवडून आलो की पहिल्याच सभेत तो नियम काढून टाकतो. आता मी उभी राहिले नाही तर कोण राहणार?

हे फोनवर का सांगितलं नाही ते तुला माहीत आहे. फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला ओरडायला लागतो. आईचा नियम बरा. भांडायचं तर लिहून भांडा, वडील रात्रपाळी करून झोपलेत. आणि लिहिलेलं फाडायचं नाही, बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. वडील जाऊन तीस वर्षं झाली, डबा अजून आहे.

तू काही पाठवू नकोस. शुभेच्छा चालतील.

ताई


१७ मार्च

ती. ताईस,

एकसष्ट वर्षांच्या टिल्लूचा वाकून नमस्कार. (वाकलो, पण उठताना टेबल धरावं लागलं.)

शुभेच्छा पाठवल्या आहेत. बँकेतून. येत्या आठवड्यात तुझ्या खात्यात दिसतील.

ताई, तुझं पत्र वाचून मी आनंदानं खाली धावलो. धावलो म्हणजे जिन्यानं, कारण आमची लिफ्ट तीन आठवडे बंद आहे. पस्तीस वर्षं या शहरातल्या लिफ्ट मी दुरुस्त केल्या, पण निवृत्त माणसाला आता हत्याराला हात लावायची परवानगी नाही. तेव्हा अकरा मजले उतरून खाली गेलो आणि दारात जो पहिला भेटला त्याला सांगितलं, की माझी बहीण निवडणूक लढवते आहे. तो म्हणाला, छान, आणि लिफ्ट कधी सुरू होणार? मग मी अकरा मजले परत चढलो. सांगायला दुसरं कुणी नव्हतं. लेक फोन करते, पण तिच्याकडे सकाळ असते तेव्हा माझ्याकडे भलतंच काही असतं.

तो थांबा परत आलाच पाहिजे! त्या थांब्यावर मी दहा वर्षं बस पकडली. निम्म्या चुकवल्या, पण त्या तिथेच चुकवल्या. पैशाची काळजी करू नकोस. मोठ्या प्रमाणावर कर. भोंगे लाव, फलक लाव.

तुझा टिल्लू


१ एप्रिल

टिल्ल्या,

तारीख पाहून थट्टा समजू नकोस. तुझे पैसे परत पाठवले आहेत.

पत्रातला एक शब्द तरी वाचतोस का रे? "जो या शहरात राहत नाही" असं मी लिहिलं होतं, ते तुला सोडून बाकीच्या जगासाठी आहे असं वाटलं का तुला? नियम मीच आणला आणि नियमाखाली सापडलेला पहिला माणूस माझा सख्खा भाऊ! दंतवैद्यांना कळलं असतं तर त्यांनी आपल्याच हातानं आपले दात काढून वाटले असते.

परत पाठवण्याचंही प्रकरण सोपं नव्हतं. निवडणूक कचेरीत एक कारकून आहेत, अंगानं काडी, आवाजानं घंटा. त्यांच्या टेबलावरचं पेन साखळीनं बांधलेलं आहे आणि साखळी इतकी आखूड, की सही करताना माणूस आपोआप त्यांच्यासमोर वाकतो. त्यांनी फॉर्म दिला. त्यात शेवटचा रकाना: देणगीदार या शहराचा रहिवासी आहे काय? होय, नाही. मी विचारलं, जन्मला इथेच, मग? ते म्हणाले, "जन्माचा रकाना नाही. रहिवासी म्हणजे या शहरात सलग नव्वद दिवस राहिलेला. सलग म्हणजे सलग." मी "नाही"वर खूण केली आणि पैसे तुझ्या दिशेनं निघाले.

तुझी लिफ्ट सुरू झाली का? अकरा मजले या वयात बरे नव्हेत.

ताई


१२ एप्रिल

ताई,

पैसे पोचले. "नाही"सुद्धा पोचलं.

तू स्वतःच्या हातानं खूण केलीस. कारकुनानं केली असती तर मला काही वाटलं नसतं, त्याचं पोटच त्यावर आहे. पण तू?

छप्पर गळत होतं तेव्हा माझे पैसे चालले. तुझ्या डोळ्याच्या वेळी चालले. तेव्हा कुणी साखळीचं पेन पुढे केलं नाही. आणि एका फलकाची वेळ आली की मी बाहेरचा? दुकानावरच्या खोलीत मी जन्मलो, ताई. त्या चढावर सायकलवरून पडून माझा पुढचा दात तुटला, तो तिथेच कुठेतरी पडलेला असेल. माझा दात तरी रहिवासी आहे ना?

फ्लॅटवाले पैसे देतात ते भाव चढावा म्हणून. मला काय मिळणार आहे? मी प्रेमानं देतो आहे. या दोहोंतला फरक तुझ्या नियमाला कळत नसेल, तर तो नियम आंधळा आहे. खरं सांग, मी बाहेरचा का गं?

टिल्लू

ता. क. लिफ्ट बंदच आहे. आवाजावरून सांगतो, वरचा पट्टा घासतोय. पण विचारतो कोण.


२७ एप्रिल

टिल्ल्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

उत्तर देते. तू छपरासाठी पैसे दिलेस, आणि छपराचं काम चुकलं असतं तर पाणी माझ्या डोक्यावर पडलं असतं, कारण छप्पर माझं. पण रस्ता सगळ्यांचा. तू दिलेल्या पैशानं मी उद्या भलताच थांबा भलतीकडे नेऊन ठेवला, तर तंगडतोड करणार दुसरेच आणि तू अकराव्या मजल्यावर बसून टाळ्या वाजवणार. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ज्याला कळतं त्यानंच ठरवावं, एवढाच तो नियम आहे.

प्रेमाचं म्हणशील तर मी कारकुनांना विचारलं. ते म्हणाले, "प्रेमाचा रकाना नाही." आणि तसा रकाना असता तर दंतवैद्यांच्या प्रत्येक फ्लॅटवाल्यानं त्यावरच खूण केली असती.

बाहेरचा का म्हणून विचारलंस. त्याचं उत्तर मला अजून देता येत नाही. दुकानात गिऱ्हाईक आहे.

इकडची बातमी अशी, की मी निशाणी म्हणून शिवणयंत्र मागितलं आणि मिळाला कंगवा. दंतवैद्यांना बादली. तुझा शाळेतला दोस्त, कोपऱ्यावरचा न्हावी, एवढा खूश झालाय, की जणू तोच उभा आहे. येणाऱ्या प्रत्येकाला डोकं धरून सांगतो, आणि हातात वस्तरा असल्यानं कुणी वाद घालत नाही.

ताई


९ मे

ती. ताईस,

तुझं म्हणणं पटलं. मी शांत आहे. तुला मी एक पैसा, एक कागद, एक टाचणीही पाठवणार नाही, हे लिहून देतो. डब्यात ठेव.

इकडे सगळं ठीक. हवा बरी आहे.

सहज विचारतो, न्हाव्याच्या दुकानाचा पत्ता तोच आहे ना जुना?

तुझा आज्ञाधारक,
टिल्लू


३० मे

आज्ञाधारक गाढवा,

मला काही पाठवणार नाही म्हणालास, आणि शब्द पाळलास. न्हाव्याला पाठवलंस! दोन हजार पत्रकं! त्या शहाण्यानं मला न विचारता एक आरशावर चिकटवलं, बाकीची डोक्यागणिक वाटली. तिसऱ्या दिवशी दंतवैद्य दाढी करायला गेले. येताना गाल गुळगुळीत आणि खिशात पत्रक.

आता ऐक. माझ्या उमेदवारीवर हरकत आली आहे. बाहेरच्या पैशाविरुद्ध ओरडणारी बाई स्वतःच बाहेरून छापलेल्या कागदांवर निवडणूक लढवते, असं लिहून दिलंय त्यांनी. खोटं काय आहे त्यात? आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला, आणि तेही दंतवैद्याला! सहा जूनला सुनावणी आहे. उमेदवारी गेली तर मी गेले, थांबा गेला, नियमही गेला. तीन महिने दारोदार फिरले त्याचा कचरा झाला.

आणि पत्रक तरी काय छापलंस! फोटो माझ्या चौतिसाव्या वर्षाचा. लोक विचारतात, उमेदवार तुमची मुलगी का? माझ्या खांद्यावर अर्धवट कापलेला हात दिसतोय तो ह्यांचा आहे. ते पाहून मला दुकान बंद करून घटकाभर आत जाऊन बसावं लागलं. वर मजकूर: "थांबा पुन्हा पिठाच्या गिरणीसमोर आणा!" गिरणी बंद होऊन सोळा वर्षं झाली, टिल्ल्या. तिथे आता नखं रंगवून देतात. ती मुलगी दहाही नखं परजून माझ्या दुकानात आली, की माझ्या दारात बस कशाला? आणि "चौकातलं घड्याळ सुरू करू" म्हणे. घड्याळ नाही. चौकसुद्धा नाही, तिथे आता नुसतं वळण आहे.

ते तुझ्या डोक्यातलं शहर आहे रे. छान आहे. तिथून मी बिनविरोध निवडून आले असते.

सुनावणीपर्यंत काही करू नकोस. शुभेच्छासुद्धा नकोत.

ताई


८ जून

टिल्ल्या,

वाचले.

मी बिस्किटांचा डबा घेऊन गेले होते. दुसरा पुरावा काय देणार? कारकुनांना म्हटलं, मी पैसे नको म्हटलं की नाही ते तुम्हीच पाहा. माझी पत्रं मी कार्बन लावून लिहिते, दुकानाच्या पावतीची सवय. त्यांनी पत्रं एकेक करून घंटेसारख्या आवाजात वाचली. भरलेल्या कचेरीत! "टिल्ल्या" आलं की बाकावरचे लोक खुदखुदायचे. "आज्ञाधारक गाढवा"ला तर शिपाई बाहेर जाऊन हसून आला.

दंतवैद्य म्हणाले, ही पत्रं काल रात्री बसून लिहिली नसतील कशावरून? तेव्हा कारकुनांनी डब्याच्या तळाचा एक पिवळा कागद काढला आणि तोही वाचला: "ताईने माझी निळी गोटी गिळली आहे असा माझा संशय आहे. तिने ती दोन दिवसांत परत करावी. टिल्लू, इयत्ता तिसरी." मग काही शंका उरली नाही. पत्रकं जप्त झाली, न्हाव्याला ताकीद मिळाली. माझी उमेदवारी राहिली.

एक सांगायचं राहिलं. तुझं बारा एप्रिलचं पत्र वाचताना, दात रहिवासी आहे ना, इथवर लोक हसत होते. मग "मी बाहेरचा का गं?" ही ओळ आली. ती वाचून कारकून थांबले, पाणी प्यायले, आणि कुणी हसलं नाही. मी तिथे बसून खाली बघत होते.

नियम बरोबरच आहे. पण त्या "नाही"वर खूण करताना माझा हात जड झाला होता. हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

ताई

ता. क. गोटी मी गिळली नव्हती. यंत्राच्या खणात ठेवली होती. अजून असेल.


१९ जून

ती. ताईस,

चुकलो. पुन्हा चुकणार नाही, कारण आता नियमानंच करायचं ठरवलंय.

निवडणूक आठ नोव्हेंबरला. मी बारा जुलैला तिथे पोचतो. नऊ ऑक्टोबरला नव्वद दिवस पुरे होतात. दहाला सकाळी मी कचेरीत जाणार, त्या आखूड साखळीसमोर वाकणार, "होय"वर खूण करणार आणि तुला देणगी देणार. दंतवैद्यांनी काय करायचं ते करावं. सलग म्हणजे सलग. मी शहराची वेसही ओलांडणार नाही.

वरची खोली झाडून ठेव. रस्त्याकडची खिडकी तीच आहे ना? की तीही माझ्या डोक्यातली?

टिल्लू


१० ऑक्टोबर, सकाळ
(दुकानातून, जिन्यानं वर)

टिल्ल्या,

एका घरात राहून चिठ्ठी लिहायची वेळ आली, पण तू दार उघडत नाहीस, आणि ओरडले तर खालचं गिऱ्हाईक पळेल. म्हणून दाराखालून सरकवते आहे.

काल नव्वद दिवस झाले. कारकुनांनी स्वतः आठवण केली, तुझं नाव मतदार यादीतही आलं. मी फॉर्म आणून काल दुपारीच तुझ्या टेबलावर ठेवला. रात्री पाहिला तर तसाच कोरा. तीन महिने किती मजेत होतास. रोज सकाळी दाढी करून खाली चढ उतरून फिरायला जायचास, दुपारी शीळ घालत यायचास. मला वाटलं, लोकांना माझा प्रचार सांगत फिरतोयस.

झालं काय? तब्येत बरी आहे ना?

ताई


१० ऑक्टोबर, दुपार
(वरच्या खोलीतून, जिन्यानं खाली)

ताई,

तब्येत बरी आहे. मन बरं नाही.

तोंडानं सांगायचं धाडस होत नाही म्हणून लिहितो. मी देणगी देणार नाही, कोरा फॉर्म सोबत परत करतो. थांबा वर आणायला माझा विरोध आहे.

ओरडू नकोस, वाच. पायथ्याच्या थांब्यावर एक बाक आहे. वर पत्रा, समोर झाड. पहिल्या आठवड्यात मी दम खायला तिथे बसलो. तिथे बंद फ्लॅटचे एक राखणदार बसतात. ज्या घरांत कुणी नाही त्यांची राखण करून कंटाळलेला माणूस. एक निवृत्त पोस्टमन बसनं येतात, आणि बसनंच येतात एक शिंपी, ज्यांना ऐकू येत नाही पण सोंगट्यांत आम्हा तिघांना हरवतात. मी नाही आलो तर दुसऱ्या दिवशी विचारतात, काल कुठे होतात? अकराव्या मजल्यावर मला हे बारा वर्षांत कुणी विचारलं नाही. थांबा हलला तर बस तिथे थांबणार नाही, पोस्टमन आणि शिंपी यायचे नाहीत, आणि बाकावर मी आणि राखणदार एकमेकांकडे बघत बसू.

दुसरं म्हणजे माझी खिडकी. जुना थांबा बरोबर तिच्याखाली होता. बसचे ब्रेक कसे किंचाळतात ते मला ठाऊक आहे, गं. सकाळी साडेपाचची पहिली बस.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी तिकडे बसून या थांब्यासाठी दोन हजार पत्रकं छापली, आणि इथे नव्वद दिवस राहिलो तर मला तो नकोसा झाला.

मत कुणाला देईन ते विचारू नकोस.

टिल्लू


१० ऑक्टोबर, संध्याकाळ
(वर)

घरचा भेदी म्हणतात तो असा असतो तर! माझ्या छपराखाली राहून, आणि छप्परही तुझ्याच पैशांचं, म्हणजे मला तुला घालवूनही देता येत नाही!

चार महिने पैसे घे, पैसे घे म्हणून माझा जीव खाल्लास. माझी उमेदवारी जायची वेळ आणलीस. आता घेणं कायदेशीर झालं तर हा बाबा विरोधी पक्षात! दवाखान्यात येणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसांना काय सांगू, की माझ्या भावाच्या सोंगट्यांसाठी तुम्ही चढा?

देणगी नको. मतही नको. कारकुनांना फॉर्म कोरा परत केला, तर म्हणाले, "कारणाचा रकाना नाही." नशीब माझं.

जेवण झाकून ठेवलंय. भांडण लिहून असलं तरी जेवायचं तोंडानंच असतं. खाली ये.

ताई


११ नोव्हेंबर
(खाली)

ती. ताईस,

तू निवडून आलीस. सव्वीस मतांनी का होईना, आलीस. निकाल लागला तेव्हा मी बाकावर होतो. न्हावी कंगवा उंच धरून चढावरून खाली पळत आला, आणि मी उठून त्याला मिठी मारली, आणि मग आठवलं, की मी दंतवैद्यांना मत दिलंय.

हो, दिलं. तू विचारलं नाहीस म्हणून सांगतो. त्यांचा चेहरा मला आवडत नाही, त्यांचा नियमाबद्दलचा विचार तर मुळीच आवडत नाही. शिक्का आधी कंगव्यावरच नेला होता. पण बाक डोळ्यांपुढे आला आणि बादलीवर मारला.

महिनाभर तू मला वेळेवर जेवायला घातलंस आणि एक शब्द बोलली नाहीस. त्यापेक्षा ओरडली असतीस तर बरं झालं असतं. ज्या घरात जन्मलो, त्याच घराविरुद्ध मत देऊन कोणत्या तोंडानं राहू? पुढच्या बुधवारचं तिकीट काढलंय. तिकडची लिफ्ट सुरू झाली म्हणतात.

टिल्लू


११ नोव्हेंबर
(वर. सोबत छापील फॉर्म)

टिल्ल्या,

मी बोलले नाही ते रागानं नव्हे. रागावले होते, पण तो राग तीन दिवसांत संपला. नंतर मला तुझ्यासमोर बोलायला सुचत नव्हतं, कारण तू माझं सगळं भाषण खरं करून दाखवलंस आणि मलाच ते पचत नव्हतं.

बाहेरून पैसे पाठवत होतास तेव्हा तू डोळे झाकून माझ्या बाजूनं होतास. तुझं तिथे काही दुखत नव्हतं. इथे राहिलास, बाकावर बसलास, तेव्हा तुझं स्वतःचं असं काहीतरी दुखायला लागलं आणि तू माझ्याविरुद्ध गेलास. आठ महिने मी लोकांना दुसरं काय सांगत होते?

आता पदावर आहे, तेव्हा काम कामासारखं. तुझी बाकाबद्दलची काय तक्रार असेल ती तोंडी ऐकणार नाही. सोबतचा फॉर्म भर आणि दे. मग कुठे जायचं तिथे जा.

ताई


१२ नोव्हेंबर
तक्रार अर्ज

प्रति, माननीय नगरसेविका.

तक्रारीचा विषय: बसथांबा, बाक आणि ब्रेक.

तपशील: थांबा दवाखान्यापाशी आणण्याचा आपला निर्णय आजारी माणसांसाठी योग्य आहे, हे अर्जदार नाइलाजानं मान्य करतो. परंतु थांबा हलवताना त्यावर बसणारी माणसं हलत नाहीत, हे नगरपालिकेनं ध्यानात घ्यावं. थांबा वर नेणार असाल तर बाक, पत्रा आणि सोंगट्या ठेवण्याइतकी सपाट जागाही वर न्यावी, म्हणजे पोस्टमन आणि शिंपी बसनं थेट तिथेच उतरतील. आणि राखणदारांना रोज दुपारी दोन तास चढ चढून येण्याची मुभा मिळावी, कारण रिकाम्या घरांना पळून जाता येत नाही. सकाळच्या पहिल्या बसच्या ड्रायव्हरला ब्रेक हळू दाबण्याची ताकीद द्यावी. ब्रेकला तेल घालू नये. माननीय नगरसेविकांचं ते औषध तिथे चालत नाही.

अर्जदाराचं नाव: टिल्लू.

अर्जदार या शहराचा रहिवासी आहे काय?


१३ नोव्हेंबर
(वर. दाराखालून नव्हे, दार वाजवून)

श्री. टिल्लू यांस,

आपला अर्ज मिळाला. या पदावर आल्यापासून माझ्याकडे आलेली ही पहिली तक्रार, म्हणून तिला क्रमांक एक दिला आहे. थांबा एक जानेवारीला दवाखान्यापाशी येईल, त्यात बदल नाही. बाक आणि पत्रा दुकानाच्या भिंतीशी बसेल. जागा मी स्वतः मोजून आले, सोंगट्यांचा पट मावतो. ड्रायव्हरशी बोलले. राखणदारांना विचारलं, ते म्हणाले, चढानं भूक लागेल, म्हणजे त्यांची सोय पाहणं माझ्याकडे आलं. ब्रेकचं कळलं.

आपण शेवटचा रकाना रिकामा सोडला होता. कारकून अपुरा अर्ज घेत नाहीत. तेव्हा त्यांच्या टेबलावरच वाकून, त्यांच्याच साखळीच्या पेनानं, तो मी माझ्या हातानं भरला. होय.

एप्रिलमध्ये तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी गिऱ्हाईक आहे म्हणून सुटका करून घेतली होती. त्याचं हे उत्तर.

तिकीट परत कर. वेस ओलांडलीस तर कारकून पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि या वयात आणखी नव्वद दिवस वाट पाहायचा धीर मला नाही.

तुझ्या मताशिवाय निवडून आलेली,
ताई

सोबत: निळी गोटी, एक.